नदीत येणारं कारखान्याचं सांडपाणी: संमतीपत्र हातात घेऊन तक्रार कशी उभी करायची

‘नदीचं पाणी काळं पडलं, फेस आला, मासे मेले’ अशी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेली की महिन्याभराने उत्तर येतं: पाहणी केली, पाहणीवेळी सांडपाणी बाहेर जाताना आढळलं नाही. फाइल बंद. हे उत्तर दर वेळी खोटं असतं असंही नाही. अधिकारी पोचेपर्यंत नाला खरंच कोरडा झालेला असतो. म्हणून तक्रार नुसत्या डोळ्यांनी दिसलेल्यावर उभी करू नका. कारखान्याला ज्या अटींवर चालायची मुभा मिळाली आहे, त्या अटींवर उभी करा. नदी वाचवण्याची सगळी सरकारी धोरणं शेवटी कारखान्याच्या दारात एकाच कागदाच्या रूपाने येतात, आणि तो कागद म्हणजे संमतीपत्र.

धोरणाचा धाक कुठे आहे आणि कुठे नाही

पाया 1974 च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाचा. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीचा, 1969 चा. त्याखाली 1970 मध्ये राज्याचं मंडळ झालं आणि केंद्राचा कायदा राज्याने 1981 मध्ये स्वीकारला. कलम 24 प्रमाणे प्रदूषक पदार्थ नदीनाल्यात सोडायला बंदी आहे. कलम 25 प्रमाणे मंडळाच्या संमतीशिवाय सांडपाणी सोडता येत नाही. कलम 33अ खाली मंडळ कारखाना बंद करू शकतं, वीज आणि पाणी तोडायला लावू शकतं.

एक मुद्दा तक्रारीत वारंवार येतो: ‘नदीच्या इतक्या जवळ कारखाना कसा?’ महाराष्ट्रात नदीच्या वर्गवारीनुसार अंतर ठरवणारं नदी नियमन क्षेत्र धोरण होतं. ते 2000 मध्ये आलं, 2009 मध्ये सुधारलं आणि फेब्रुवारी 2015 मध्ये सरकारने रद्द केलं. त्या धोरणाचा आधार आज तक्रारीत घेतला तर पहिल्याच उत्तरात तक्रार पडते. पूररेषेचा प्रश्न वेगळा, तो जलसंपदा विभागाकडे न्यायचा.

याउलट कामाला येणाऱ्या दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली, 22 फेब्रुवारी 2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा पर्यावरण सुरक्षा समिती खटल्यातला निकाल. संमती लागणाऱ्या प्रत्येक उद्योगाकडे चालू स्थितीतलं सांडपाणी प्रक्रिया केंद्र हवं, नसेल तर उद्योग चालू देऊ नये, असं त्यात आहे. ‘चालू स्थितीतलं’ हा शब्द महत्त्वाचा, कारण नुसतं बांधून ठेवलेलं केंद्र त्यात बसत नाही. दुसरी, केंद्रीय मंडळाची प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी. 2018 मध्ये देशात असे 351 पट्टे होते, त्यातले 53 महाराष्ट्रात. 2022 च्या अहवालात देशात 311 आणि महाराष्ट्रात 55, दोन्ही वेळा राज्यांमध्ये सर्वाधिक. तुमचा पट्टा यादीत आहे का आणि कोणत्या प्राधान्यक्रमात, ते पाहा. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव लिटरमागे जितके मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरतात तो आकडा, 30 च्या वर असेल तर पहिला क्रम, 20 ते 30 दुसरा, 10 ते 20 तिसरा, 6 ते 10 चौथा, 3 ते 6 पाचवा. यादीतल्या नद्यांसाठी हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाने कृती आराखडे झाले आहेत. त्या आराखड्यात तुमच्या भागातल्या उद्योगांबद्दल काय कबूल केलंय, ते तक्रारीत जसंच्या तसं उतरवा.

संमतीपत्र मिळवा आणि असं वाचा

मंडळाच्या संकेतस्थळावर दिलेली संमतीपत्रं शोधता येतात. तिथे सापडलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज उपप्रादेशिक कार्यालयाला करा. फी 10 रुपये. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. ‘संमतीपत्र, पाहणी अहवाल आणि नोटिसा’ असं सगळं एकत्र भरलं की त्याच कारणाने अर्ज अडकतो. म्हणून अर्ज वेगवेगळे करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

पत्र वीस-पंचवीस पानांचं असतं. सुरुवातीला एवढंच काढा:

उत्पादनांची यादी आणि प्रत्येकाचं महिन्याचं किंवा वर्षाचं प्रमाण. संमतीपेक्षा जास्त माल काढला की सांडपाणीही जास्त, आणि तो स्वतंत्र भंग.

सांडपाण्याचा तक्ता. औद्योगिक आणि घरगुती असे दोन आकडे सीएमडीमध्ये, म्हणजे घनमीटर प्रतिदिन. 1 घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. त्याच ओळीत विल्हेवाटीचा मार्ग असतो: सामायिक (अनेक कारखान्यांचं मिळून एक) प्रक्रिया केंद्राकडे, स्वतःच्या जमिनीवर सिंचनाला, की ‘शून्य विसर्ग’. शून्य विसर्ग लिहिलं असेल तर काम सोपं. मग पाण्याची प्रत तपासत बसायची गरज नाही, कुंपणाबाहेर एक थेंब आला तरी तो भंग आहे.

त्यानंतर अनुसूची: प्रक्रिया केंद्रात कोणत्या टाक्या, किती क्षमतेच्या, मानकं किती, बँक हमी किती रकमेची आणि कोणत्या अटीवर. सर्वसाधारण अटींमध्ये एक ओळ हमखास सापडते, प्रक्रिया केंद्रासाठी स्वतंत्र वीजमीटर लावावा आणि वापरलेल्या रसायनांची नोंदवही ठेवावी. ती ओळ अधोरेखित करून ठेवा.

नदी-नाल्यात सोडण्यासाठीची सर्वसाधारण मानकं अशी: पीएच 5.5 ते 9, बीओडी 30, सीओडी (घाणीचं रसायनांनी ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन) 250, तरंगते घन पदार्थ 100, तेल-ग्रीस 10, पीएच सोडून सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर. जमिनीवर सिंचनाला बीओडी 100 पर्यंत चालतं. बऱ्याच उद्योगांना यापेक्षा वेगळी मानकं आहेत. साखर कारखान्याला 2016 च्या अधिसूचनेप्रमाणे टनामागे 200 लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर काढता येत नाही. रोज 5,000 टन गाळप असेल तर मर्यादा 1,000 घनमीटर.

प्रमाणाचा आकडा फसवतो, घनमीटर फसवत नाही

नीट समजून घ्यावं असं हेच आहे. मानकं ‘प्रति लिटर’ आहेत. समजा 100 घनमीटर सांडपाण्याची बीओडी 250 आहे. म्हणजे रोज 25 किलो. त्यात बोअरचं 800 घनमीटर पाणी मिसळलं की एकूण 900 घनमीटर होतं आणि बीओडी 28 वर येते. प्रयोगशाळेचा अहवाल मानकात बसतो. नदीत मात्र तेच 25 किलो जातात. प्रति लिटर मर्यादा घालणाऱ्या धोरणातली ही जुनी फट आहे. ती बुजवायला संमतीपत्रातला घनमीटरचा आकडा आहे, पण तो मोजायला सहसा कोणी जात नाही. तुम्ही जा.

नाल्याचा प्रवाह मोजायला टेप, घड्याळ आणि तरंगणारी एखादी वस्तू पुरते. लिंबू उत्तम, कारण ते अर्धं बुडून चालतं आणि वाऱ्याने ढकललं जात नाही. कारखान्याच्या कुंपणाबाहेर, सार्वजनिक जागेत, नाल्याचा 10 मीटरचा सरळ तुकडा निवडा. रुंदी आणि खोली तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा. लिंबू पाच वेळा सोडा आणि सरासरी वेळ घ्या. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा वेगाने जातं म्हणून शेवटी 0.85 ने गुणा.

उदाहरण: रुंदी 60 सेंटीमीटर, खोली 10 सेंटीमीटर, म्हणजे छेद 0.06 चौरस मीटर. 10 मीटर जायला 25 सेकंद, वेग 0.4 मीटर प्रति सेकंद. 0.06 × 0.4 × 0.85 = 0.0204 घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे 20 लिटर आणि तासाला 73 घनमीटर. संमती 150 घनमीटर प्रतिदिन असेल तर हा नाला दोन तासांहून जरा जास्त वेळात दिवसाची मर्यादा ओलांडतो. कागद, टेप आणि घड्याळ एकत्र दिसतील असा व्हिडिओ घ्या. फोनमध्ये स्थान आणि वेळ चालू असू द्या. वरच्या बाजूने गावाचं गटाराचं पाणी याच नाल्यात येत असेल तर ते आधी मोजा आणि वजा करा, नाहीतर हीच चूक पुढे तुमच्यावर उलटते.

नमुने

आधी कायद्याची बाजू. तुम्ही भरलेली बाटली कलम 21 खालचा कायदेशीर नमुना होत नाही. त्यासाठी मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याला जागेवर नोटीस द्यावी लागते, नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, सील आणि सह्या लागतात. तुमच्या नमुन्याचा उपयोग अधिकाऱ्याला यायला भाग पाडण्यासाठी आणि पुढे न्यायाधिकरणात पूरक पुरावा म्हणून. म्हणून तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच द्या आणि बाटल्याही तिथूनच घ्या.

तीन जागा, एकाच दिवशी: मिसळण्याच्या वर, तोंडाशी, आणि खाली जिथे दोन्ही पाणी पूर्ण एकत्र झालंय तिथे. वरचा नमुना नसेल तर बाकी दोन्ही निरुपयोगी, कारण ‘घाण वरूनच येते’ या उत्तराला तुमच्याकडे काही राहत नाही. बाटली पृष्ठभागाखाली वीतभर बुडवा, तवंग घेऊ नका. पाण्यात उतरू नका, रबरी हातमोजे घाला.

बीओडीची बाटली काठोकाठ भरून बर्फात ठेवा आणि 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत चाचणी सुरू झाली पाहिजे. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल आणि धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल टाकून पीएच 2 च्या खाली आणतात. ते प्रयोगशाळा आधीच घालून देते, त्यामुळे त्या बाटल्या विसळू नका. तेल-ग्रीसची बाटली काचेचीच हवी, तीही नमुन्याने विसळायची नाही, कारण तेल भिंतीला चिकटून राहतं. विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली बुडबुडा न राहता भरून जागेवरच रसायनांनी स्थिर करायची. ते जमणार नसेल तर भाड्याने ऑक्सिजन मीटर घ्या. बाटलीत भरून गाडीत नेलेल्या ऑक्सिजनच्या आकड्याला अर्थ नसतो.

‘हे गावाचंच सांडपाणी आहे’ हे नेहमीचं उत्तर. त्याला उत्तर द्यायला सीओडी आणि बीओडी दोन्ही करून घ्या आणि भागाकार पाहा. घरगुती सांडपाण्यात सीओडी बीओडीच्या साधारण दुप्पट असते. रासायनिक किंवा रंगाई-प्रोसेसिंगच्या पाण्यात ती चौपट किंवा त्याहून जास्त निघते, कारण त्यातलं पुष्कळसं सूक्ष्मजीवांना कुजवताच येत नाही. सोबत क्लोराइड आणि एकूण विरघळलेले क्षारही मागा. मात्र डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशला, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्याला, हा भागाकार लावू नका. ते कुजणारंच पाणी आहे, त्यात बीओडी लिटरला 40,000 मिलिग्रॅमच्या वर असते आणि गुणोत्तर दोनच्या आसपास राहतं. तिथे ओळख पटते ती गडद तपकिरी रंगाने, जळक्या गुळासारख्या वासाने आणि पोटॅशियमच्या आकड्याने.

मासे मेले असतील तर

घड्याळाशी शर्यत असते. आधी किती वाजता, कोणत्या जातीचे, किती मोठे मेले ते लिहा. ऑक्सिजन संपल्याने मेले तर मासे आधी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात, पहाटे जास्त मरतात आणि मोठे आधी जातात. विषारी रसायन असेल तर लहान-मोठे एकदम जातात आणि वेळेला धरबंध नसतो. माशांना जगायला लिटरला किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो असं केंद्रीय मंडळाच्या वर्गीकरणात आहे.

कोल्हापूर-सांगलीकडे नेहमी दिसणारी एक गोष्ट म्हणजे बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला घातलेल्या, काढता येणाऱ्या फळ्या. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या मागे महिनोन्महिने साठलेला गाळ आणि कुजकं पाणी बरगे काढताच एकदम खाली सुटतं आणि खालच्या गावात मासे मरतात. कारखाना सांगतो, त्या दिवशी आम्ही काहीच सोडलं नाही, आणि ते खरंही असू शकतं. बरगे कधी काढले याची नोंद जलसंपदा विभागाकडून मागवा आणि साठलेल्या गाळाचा नमुना घ्या. त्या महिन्यांत बंधाऱ्यामागे कोण काय सोडत होतं, हा मग खरा प्रश्न.

मृत मासे बर्फात घालून मत्स्यव्यवसाय विभागाला द्या, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. पिकाचं नुकसान असेल तर कृषी विभागाचाही.

अधिकारी आणायचा कसा, तक्रार लिहायची कशी

आधी फोन, लगेच ईमेल. ईमेलवर वेळ उमटते, तीच पुढे उपयोगी. पत्ता उपप्रादेशिक अधिकाऱ्याचा, प्रती प्रादेशिक अधिकारी, मंडळाचे सदस्य सचिव आणि जिल्हाधिकाऱ्यांना. मजकूर साधारण असा:

‘दि. अमुक रोजी पहाटे 4.10 ते 6.30 या वेळेत अमुक गट क्रमांकालगतच्या नाल्यातून (अक्षांश-रेखांश सोबत) अंदाजे ताशी 73 घनमीटर सांडपाणी नदीत जात होतं. सदर उद्योगाच्या संमतीपत्रात, क्रमांक व दिनांक अमुक, अट क्रमांक अमुकनुसार विसर्ग 150 घनमीटर प्रतिदिन व विल्हेवाट फक्त स्वतःच्या जमिनीवर अशी आहे. दोन्ही अटींचा भंग झाला आहे. कलम 21 नुसार नमुना घ्यावा, प्रक्रिया केंद्राच्या वीजमीटरचं व प्रवाहमापकाचं त्या दिवसाचं वाचन पाहणी अहवालात नोंदवावं आणि अहवालाची प्रत द्यावी.’

‘गेली दहा वर्षं हे चालू आहे’ असं चुकूनही लिहू नका. राग समजतो, पण त्या एका वाक्याने नुकसान होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, 2010 च्या कलम 14 खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, वर फार तर 60 दिवसांची सवलत. तुमचंच वाक्य दाखवून समोरचा वकील मुदत संपल्याचं सांगतो. प्रत्येक घटना तारखेनिशी वेगळी तक्रार म्हणून द्या.

रात्रीचं सोडणं पकडायचं असेल तर आधी पंधरा दिवस वही ठेवा: वेळ, रंग, वास, लिंबाची वेळ. बहुतेक ठिकाणी एक ठरलेली वेळ सापडते, पाळी बदलताना, भारनियमनात, किंवा पहिल्या वळवाच्या पावसात. ती वेळ लेखी कळवून पाहणीची मागणी करा.

वीजमीटर सगळं सांगतो

पाहणीच्या दिवशी नाला कोरडा असू शकतो, वीजमीटर मागे फिरवता येत नाही. माहिती अधिकारात वेगळा अर्ज करा: पाहणी अहवालांत नोंदलेली प्रक्रिया केंद्राच्या वीजमीटरची वाचनं, मागच्या 12 महिन्यांची. हवा देणारा ब्लोअर 20 अश्वशक्तीचा असेल तर तो सुमारे 15 किलोवॅट. पूर्ण भार नसतो हे धरूनही चोवीस तास चालला तर महिन्याला 8,000 युनिटच्या आसपास जातात. नोंद 2,000 युनिटची असेल तर ब्लोअर दिवसाचा पाव भागच चालला. टाकीतले जिवाणू इतका वेळ हवेविना टिकत नाहीत, मग त्या केंद्रातून बाहेर येणारं पाणी शुद्ध कसं?

तसाच दुसरा ताळा गाळाचा. सांडपाणी शुद्ध झालं की गाळ निघतोच. रासायनिक उद्योगाचा हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो आणि अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पावतीनिशी जावा लागतो. दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत भरायच्या पर्यावरण विवरणपत्रात, म्हणजे नमुना 5 मध्ये, पाण्याचा वापर, सांडपाणी आणि गाळ तिन्ही येतात. उत्पादन वाढलं आणि गाळ घटला, असं दिसलं तर थेट प्रश्न विचारा: गाळ गेला कुठे?

सतरा अतिप्रदूषक प्रकारच्या उद्योगांना 2014 पासून सांडपाण्यावर ऑनलाइन मोजणी यंत्र बंधनकारक आहे. त्या आकड्यांचा आलेख मागा. दिवसरात्र सरळ रेषेत चालणारा सीओडीचा आकडा संशयास्पद समजा. जिवंत सांडपाण्याची रेघ कधी सरळ नसते, सेन्सर स्वच्छ पाण्याच्या बादलीत असला तर असते.

सामायिक प्रक्रिया केंद्राला जोडलेल्या वसाहतीत एकट्या कारखान्यावर बोट ठेवणं अवघड. तिथे रस्त्याकडेच्या चेंबरवर लक्ष ठेवा. कोणत्या चेंबरपासून पाणी उसळतंय आणि त्याच्या वरच्या चेंबरमध्ये काय आहे, हे पीएचच्या पट्टीने तपासत वर सरका. उघड्या चेंबरमध्ये वाकून वास घेऊ नका, विषारी वायूने माणूस क्षणात कोसळतो. पट्टी काठीला बांधा.

कारवाईनंतर

आधी कारणे दाखवा नोटीस, मग प्रस्तावित निर्देश, मग बंदचा आदेश. भरपाई किती बसू शकते हे तुम्हीही काढू शकता. केंद्रीय मंडळाचं सूत्र: प्रदूषण निर्देशांक × दिवस × आकार × दर × स्थान. निर्देशांक उद्योगाच्या रंगवर्गावरून ठरतो: सर्वात प्रदूषक लाल वर्गाला 80, नारिंगीला 50, हिरव्याला 30. लहान उद्योग 0.5, मध्यम 1, मोठा 1.5. दर साधारण 250 रुपये. दहा लाखांहून कमी वस्तीच्या ठिकाणी स्थान 1. लाल वर्गातला मोठा कारखाना 30 दिवस भंग करत राहिला तर 80 × 30 × 1.5 × 250 = 9,00,000 रुपये. मंडळाने फक्त बँक हमीचा तुकडा जप्त करून विषय संपवला असेल तर हा हिशोब लेखी मांडा आणि भंगाचे दिवस कसे मोजले ते विचारा. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना कलम 33अ खाली अशी भरपाई बसवता येते असं म्हटलं, मात्र त्यासाठी नियमांची चौकट हवी.

मंडळ हललंच नाही तर हरित न्यायाधिकरण, पश्चिम विभाग, पुणे. भरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी 1,000 रुपये. विहीर, पीक, जनावरं यांच्या भरपाईसाठी कलम 15, मुदत पाच वर्षं. तातडीच्या सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं.

बंदचा आदेश निघाला की गाव सुटकेचा श्वास टाकतं, आणि नेमकं तिथेच लक्ष सुटतं. सशर्त पुन्हा सुरू करण्याचा आदेश अनेकदा फार लवकर निघतो. त्याची प्रत त्याच आठवड्यात मागा. त्यात अटी, नवी बँक हमी आणि पूर्ततेच्या तारखा असतात. त्या तारखा वहीत उतरवा, प्रत्येक तारखेच्या दुसऱ्या दिवशी त्याच नाल्यावर जा, रुंदी-खोली मोजा, लिंबू सोडा.